अडसरावरची ठकूबाई

"भरली का रिकामी?"

ठकूबाईचं जगाला एवढंच विचारणं असायचं. ट्रक आला की ती हे विचारी, ट्रॅक्टरमागची ट्रॉली आली तरी विचारी, आणि एकदा तर आमची शाळा तपासून पुढे माळेवाडीला निघालेल्या साहेबांच्या जीपलाही तिनं हेच विचारलं. साहेब म्हणाले, "अहो बाई, गाडीत मी एकटाच आहे." ठकूबाईनं त्यांच्या पोटाकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "बरं. जावा मग. पर दमानं."

ती गंमत करत नव्हती. ठकूबाईला गंमत करताना मी कधी पाहिलं नाही.

मी तेव्हा खर्ड्याच्या वाटेवरच्या एका फाट्यावर मास्तर होतो. फाटा म्हणजे काय, चहाचं एक हॉटेल, पिठाची गिरणी, किराणा मालाचं दुकान आणि माझी चौथीपर्यंतची शाळा. तिथून माळेवाडीकडे मुरमाचा कच्चा रस्ता फुटायचा. माळेवाडी आत दोन कोसांवर, आणि गावाला दुसरा रस्ता नाही. फाट्यापासून हाकेच्या अंतरावर ओढा होता, त्यावर दगडी मोरी, आणि मोरीच्या पुढे काळ्या रानातून मातीचा भराव टाकून रस्ता उंच केलेला. उन्हाळ्यात हा भराव दगडासारखा टणक असे. पावसाळ्यात मात्र मुरमाखालची काळी माती फुगून अशी मऊ पडायची की भरलेली बैलगाडीसुद्धा आसापर्यंत रुतायची.

म्हणून बांधकाम खात्यानं तिथं पाटी लावली होती. मृगापासून दसऱ्यापर्यंत भरलेल्या वाहनांना या रस्त्यावर बंदी. रिकामी गाडी जाऊ शकत होती, माणसं जाऊ शकत होती, जनावरं जाऊ शकत होती. भरलेली गाडी नाही.

पाटी पुष्कळ वर्षं होती. तिच्याकडे कुणी बघत नसे. ठकूबाईचा नवरा किसन त्याच रस्त्यावर खात्याचा मैलकुली होता, म्हणजे आपल्या वाट्याला आलेल्या रस्त्याचे खड्डे बुजवणारा, कडेचे चर साफ करणारा माणूस. एका श्रावणात खडीचा भरलेला ट्रक भरावावरून गेला, कड खचली, आणि खाली चर मोकळा करत उभ्या असलेल्या किसनवर तो ट्रक आडवा झाला. त्यानंतर खात्यानं मोरीच्या तोंडाशी दोन खांब रोवून त्यांवर बाभळीचा लांबलचक वासा टाकला, त्याला साखळी आणि कुलूप लावलं. लोक त्याला अडसर म्हणू लागले. दोन्ही अंगांना ओढ्याचे खोल काठ असल्यानं वळसा घालून जायला जागा नव्हती. पावसाळ्याचे महिने हा अडसर राखायचं काम रोजंदारीवर ठकूबाईला मिळालं. उरलेलं वर्ष ती बाकीच्या बायांबरोबर मुरमाच्या पाट्या वाही.

कुलपाची किल्ली ती गळ्यात घालायची. काळ्या दोऱ्यात ओवलेली. मंगळसूत्र गेलं त्याच जागी ही किल्ली बघून फाट्यावरच्या बाया कुजबुजायच्या. गिरणीवरच्या म्हातारीनं तर तोंडावर म्हटलं, "ठके, शोभतं का गं हे?"

ठकूबाई म्हणाली, "कमरंला लावली तर काम करताना पडंल. गळ्यातली पडत न्हाई." आणि दळणाचा डबा डोक्यावर घेऊन निघाली.

उंच, हाडापेरानं मोठी बाई. चालताना किंचित पुढे वाकलेली, जणू पुढून वारा येतोय. दातांना सदा मिश्री लावलेली असल्यानं बोलताना ओठ जपून उघडायची. कामावर असताना सावलीत बसायची नाही. अडसराला लागूनच बाभूळ होती, तिच्या फांदीला ती भाकरीचं फडकं अडकवी आणि स्वतः मात्र उन्हात, खांबाला टेकून उभी राही. मी एकदा म्हटलं, "अहो, सावलीतनं पण गाडी दिसते की." तर म्हणाली, "मला दिसती. पर मी त्येंला दिसाय पायजे ना."

वासा खाली टाकायचा तो मृगाच्या पहिल्या दिवशी. त्या दिवशी सकाळी ती न चुकता आमच्या घरी यायची, दाराबाहेर उभी राहायची आणि माझ्या बायकोला म्हणायची, "बाई, जरा येता का? अडसराला कुकू लावायचंय." स्वतः ती लावत नसे. माझी बायको हळदीकुंकवाची कोयरी घेऊन जाई, वाशाला दोन बोटं ओढी, ठकूबाई लांबून हात जोडी आणि मग कुलूप घाली. मग आपल्या जुन्या लुगड्याचा तांबडा पट्टा फाडून वाशाच्या मधोमध बांधी. खात्यानं दिलेलं निशाण पहिल्याच वर्षी कुणी तरी पळवलं होतं.

भरली गाडी ओळखायची तिची स्वतःची रीत होती. ती गाडीकडे बघत नसे, ड्रायव्हरकडे बघे. "भरल्या गाडीचा डायवर माझ्याकडं बघत न्हाई, मास्तर," ती मला सांगायची. "रिकाम्या गाडीचा लांबूनच दात काढतो."

माळेवाडीला लग्नाचं वऱ्हाड आलं होतं, तो किस्सा फाट्यावर पुष्कळ दिवस चालला. ज्येष्ठातली शेवटची तीथ, मृग लागून गेलेला, दोन दिवस बऱ्यापैकी पाऊस झालेला. ट्रक माणसांनी खच्चून भरलेला. टपावर ताशेवाले, केबिनमध्ये मुंडावळ्या बांधलेला नवरदेव. ठकूबाईनं विचारलं, "भरली का रिकामी?"

नवरदेवाचा मामा खाली उतरला. "मावशे, ही काय खडी हाय का सिमीट हाय? मानसं हायेत. मानसाचा का भार असतो?"

"मग हाडकं कशाची असत्यात मानसाची?" ठकूबाई म्हणाली. "उतरा समदी."

बराच वेळ हुज्जत झाली. मामानं नारळ पुढं केला, कुणी पानसुपारी पुढं केली. ती खांबाला टेकून आभाळाकडे बघत राहिली. अखेर मुहूर्त टळायला आला तेव्हा सगळं वऱ्हाड उतरलं. नवे जोडे हातात, धोतरं गुडघ्यापर्यंत वर, अशी माणसं मोरी ओलांडून भरावावरून चिखलात चालत निघाली. नवरदेवाची पांढरी टोपी घसरली आणि त्यानं ती काखेत मारली. वऱ्हाडातल्या एका म्हातारीला चालवेना, तर ठकूबाईनं किल्ली दातांत धरली आणि तिला पाठुंगळी घेऊन भराव पार करून दिला. मागून रिकामा ट्रक अलगद गेला, पलीकडे सगळी पुन्हा चढली. ताशेवाल्यांनी तेवढ्यात ताशा वाजवून घेतला.

फाट्यावर सगळे हसले. ती परत आली तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत बरबटलेले होते. हॉटेलवाला म्हणाला, "ठकूबाई, आज वरातीम्होरं नाचायचं तेवढं राहिलं बघ." तिनं बाभळीखालच्या डबक्यात पाय धुतले, आणि पुन्हा उभी राहिली.

तिच्यावर लोक हसत, पण तिला मानतही होते. तिच्या अडसरामुळं पावसाळ्यातही रस्ता शाबूत राहतो, दसऱ्यानंतर माळेवाडीची ज्वारी, कांदा वेळेत बाजाराला निघतो, हे सगळ्यांना दिसत होतं. माळेवाडी तिचं सासर. गावात तिचा धाकटा दीर रामभाऊ, त्याची बायको आणि एक बैलजोडी. सांजेला काम उरकून ती गावात जायची तेव्हा रामभाऊ कधीकधी बैलगाडी घेऊन भरावाच्या पलीकडच्या टोकाशी थांबायचा. "वैनी, रिकामी हाय बघा गाडी, बसा," म्हणायचा. घरात तिची थट्टा होई ती एवढीच.

एकाहत्तरला पाऊस अर्धामुर्धा झाला. बाहत्तरला मृग आला तो कोरडाच.

त्याही मृगाला ठकूबाई आमच्या दारात उभी राहिली. बायकोनं कुंकू लावलं. वाशावर धूळ इतकी होती की कुंकू टिकेना. ठकूबाईनं कुलूप घातलं, तांबडा पट्टा बांधला. त्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं.

आर्द्रा गेली, पुनर्वसू गेला. ओढ्यात पाण्याचं नाव नाही. माळेवाडीच्या विहिरी तळाला गेल्या. कडबा संपला. माणसांना रेशनवर तांबडी ज्वारी मिळत होती, जनावरांना काही नव्हतं. लोकांनी झाडांचा पाला ओरबाडला, घरांवरची शाकारणी काढून बैलांपुढं टाकली. मग माळेवाडीकरांनी उत्तरेकडच्या बागायती पट्ट्यातून चाऱ्यासाठी तोडलेला ऊस मागवला. त्याचा पहिला ट्रक एका भर दुपारी अडसरापाशी येऊन थांबला. मोळ्यांवर रामभाऊ बसला होता.

ठकूबाई पुढं झाली. पण तिनं नेहमीचं विचारलं नाही.

रामभाऊ वरूनच म्हणाला, "वैनी, कुलूप काढा."

"भरली हाय, भावजी."

"भरलीच हाय. चाऱ्यानं भरलीय. रिकामी आनून काय करू?"

"दसऱ्यापत्तर भरली सोडायची न्हाई."

"आवो, पर पाऊस कुठं हाय?" रामभाऊ खाली उतरला. त्यानं टाच जमिनीवर आपटली. "हे बघा. लोखंड झालंय."

ठकूबाईनं वर पाहिलं. "आन् आला तर?"

"आला तर हितं नागडा नाचंन मी!"

लोक जमले. कुणी म्हणालं, साखळी तोडा. पण ट्रकचा ड्रायव्हर कबूल होईना. "बंदी मोडून गाडी घातली तर माझा परवाना जाईल. बाईनं तिच्या हातानं कुलूप काढलं तर जातो, न्हाईतर हितंच खाली करा." सगळे ठकूबाईकडे बघत होते. तिनं दोन्ही हातांनी गळ्यातली किल्ली धरली होती आणि ती मान हलवत होती, इतकी हळू की आधी वाटलं वाऱ्यानं हलतेय.

चारा अडसराशीच उतरवला. बैलगाड्या होत्या, पण ओढायला बैलांत त्राण नव्हतं. माणसांनीच मोळ्या डोक्यावर घेतल्या. बाया, म्हातारे, सगळे दोन कोस उन्हातून. न्यायचं काम तीन दिवस चाललं. तोवर अर्ध्या चाऱ्याची वाळून चिपाडं झाली, काही फाट्यावरच्या मोकाट जनावरांनी खाल्ला. ठकूबाई रोज सांजेला काम संपलं की एक मोळी उचलून गावात न्यायची. पहिल्या दिवशी तिची मोळी रामभाऊच्या बायकोनं घेतली. दुसऱ्या दिवशी रामभाऊनं ती दारातून बाहेर फेकली. तिसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बायांनी तिच्या घागरीला जागा दिली नाही.

मी तिला विचारलं, "ठकूबाई, एकदा सोडली असती तर काय झालं असतं?"

ती बराच वेळ मिश्रीचं बोट दातांवर फिरवत राहिली. मग म्हणाली, "त्या दिशी त्यो खडीचा डायवर बी असंच म्हनला हुता. एकदा सोडा."

"कुणाला म्हणाला?"

"ह्यांनला. पाटी हुतीच की तवा. भरली दिसली तर अडवायची, असं ह्यांनला साहेबानं सांगितलं हुतं. ह्यांनीच हात केला, जा म्हनले. आन् खाली चरात उतरले."

इतक्या वर्षांत हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं.

चाऱ्याचे आणखी दोन ट्रक आले आणि तसेच उतरवले गेले. त्यानंतर ती एका संध्याकाळी माझ्याकडे आली. "मास्तर, माझ्या हातानं मी उघडायची न्हाई. पर साहेबानं सांगितलं तर उघडीन. साहेबाकडं येता का संगट?"

मी रजा टाकली. आधी तालुक्याला गेलो. ओव्हरसियर म्हणाले, हे माझ्या हातात नाही, नगरहून हुकूम पाहिजे. म्हणून दोन दिवसांनी पहाटेच्या एसटीनं नगरला निघालो. ठकूबाई पहिल्यांदाच नगर बघत होती, पण तिचं लक्ष फक्त रस्त्याकडे. उसाच्या, सिमेंटच्या, लाकडाच्या लादलेल्या गाड्या एकामागून एक चालल्या होत्या. "हितं भरल्या सोडत्यात?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "हा डांबरी रस्ता आहे, याच्या खाली दगडाची सोलिंग असते." ती म्हणाली, "आमाला का न्हाई घातला दगूड?"

कचेरीतले साहेब वाईट माणूस नव्हते. हे मला मुद्दाम सांगायला हवं. त्यांनी ठकूबाईला खुर्ची दिली. ती बसली नाही, पण त्यांनी दिली. पाणी मागवलं. सगळं ऐकून घेतलं.

"बाई, बंदी पावसाळा संपला की आपोआप उठते."

"साहेब, पाऊस सुरूच न्हाई झाला. संपंल कवा?"

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मी वर कळवलंय. सगळ्या तालुक्यांतून हीच ओरड आहे. पण उत्तर येईपर्यंत मी तोंडी कसं सांगू? उद्या मी उघडा म्हटलं आणि परवा पाऊस कोसळला, मोरी खचली, माणूस दगावला, तर? तुमचाच माणूस गेला ना त्या रस्त्यावर?"

"व्हय," ठकूबाई म्हणाली. "पर साहेब, तवा पानी हुतं."

पंखा फिरत होता. शेवटी साहेब म्हणाले, "आठ-पंधरा दिवस कळ काढा." ठकूबाईनं पदर पुढं ओढला, नमस्कार केला आणि बाहेर आली. पायऱ्या उतरताना तिनं फक्त विचारलं, "मास्तर, पंधरा दिस म्हंजी किती चारा?"

दुपार कलताना आम्ही फाट्यावर उतरलो. अडसरापाशी उसाचा ट्रक उभा होता. सकाळपासून. रामभाऊनं या खेपेला ड्रायव्हरला कसंबसं कबूल करून आणलं होतं, बाईच्या पायावर डोकं ठेवीन पण कुलूप काढायला लावीन म्हणाला होता. आणि किल्ली ठकूबाईच्या गळ्यात, नगरला. ड्रायव्हर ट्रकखालच्या सावलीत झोपला होता. रामभाऊ मोरीच्या कठड्यावर बसला होता.

तो उठला नाही. बसल्या जागेवरून म्हणाला, "पाखऱ्या गेला."

पाखऱ्या हा त्याच्या जोडीतला बैल. ठकूबाईनंच तो गोऱ्हा असताना ताकाचं पाणी, कोंडा घालून वाढवलेला.

"कवा?"

"दुपारी बसला. पोरगं सांगत आलं. मला जाता बी आलं न्हाई, चारा टाकून कसा जाऊ?"

ठकूबाईनं गळ्यातला दोरा डोक्यावरून काढला. कुलपात धूळ गेली होती, किल्ली फिरेना. तिनं कुलूप तोंडाशी नेऊन फुंकर मारली, पदरानं पुसलं, पुन्हा लावून बघितलं. कुलूप निघालं. तिनं खांदा लावून वासा एकटीनं उचलला. मी हात लावायला पुढं झालो तर म्हणाली, "तुमी न्हाई. तुमची नोकरी हाय."

ट्रक निघाला. रामभाऊ मोळ्यांवर चढला, तिच्याकडे त्यानं पाहिलं नाही. ठकूबाई ट्रकच्या मागोमाग निघाली. धुळीच्या लोटात, वाकून, नजर चाकांवर ठेवून ती भरावाच्या त्या टोकापर्यंत गेली. मी अडसरापाशी उभा होतो. ट्रक पलीकडे दिसेनासा झाला तरी ती बराच वेळ तिथं भरावावर खाली बसून होती.

परत आली तेव्हा तिचं तोंड धुळीनं पांढरं झालं होतं.

"काय सुदीक झालं न्हाई, मास्तर," ती म्हणाली. "चाकाची खून सुदीक उमटली न्हाई."

आणि मग ती त्या खांबाला धरून रडली. किसन गेला तेव्हा ती कशी रडली मला माहीत नाही, मी तेव्हा तिथं नव्हतो. पण माणसाला असं रडताना मी पुन्हा पाहिलं नाही. रस्ता खचला असता तर तिला काही तरी आधार राहिला असता.

त्यानंतर तिनं कुलूप घातलं नाही. आठवडाभर चारा येत राहिला. मग ओव्हरसियरसाहेब फिरतीवर आले. अडसर वर, चाकांच्या धुळीत कुलूप पडलेलं. ठकूबाई खांबापाशी आपल्या जागेवर उभी होती. तिनं काहीच लपवलं नाही.

"साहेब, रस्ता बघा. तुमीच चालून बघा."

"रस्त्याचा प्रश्न नाही, बाई," ते म्हणाले. त्यांचाही आवाज बसलेला होता. "तुम्ही हुकूम मोडलात. मी आता काय करू?"

किल्ली त्यांनी नेली. दोन दिवसांनी नवा माणूस आला, नवं कुलूप आलं. पण त्याला अडवायला फार काही उरलं नव्हतं. सरकारनं डांबरी रस्त्यालगत, पुष्कळ लांब, गुरांची छावणी उघडली आणि चारा तिकडंच जाऊ लागला. माळेवाडीची जी गुरं चालू शकत होती ती लोकांनी तिकडं हाकली. सगळी पोचली नाहीत. रामभाऊचा दुसरा बैल ओढ्याच्या मोरीवर बसला तो तिथंच राहिला.

बंदी उठल्याचा हुकूम छावणी सुरू झाल्यावर आला. नव्या माणसानं कुलूप काढलं आणि तो आपल्या गावी निघून गेला.

माळेवाडीनं ठकूबाईला माफ केलं नाही. तिनं अखेर उघडलं याचं कुणाला काही वाटलं नाही. आधी उघडलं नाही, एवढंच राहिलं. "ठकीनं गाव मारलं," असं बाया उघड बोलत. रामभाऊ तर तिच्या सावलीलाही उभा राहीना. तिनं फाट्यामागं पत्र्याचं एक खोपट उभं केलं आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. तिथं दुपारी सुकडी, म्हणजे गूळ घातलेलं भाजकं पीठ, वाटायचे. आपल्या वाट्याची सुकडी ती पदरात बांधून ठेवायची आणि सांजेला माळेवाडीच्या एखाद्या पोराच्या हाती जावेकडे पाठवायची. मी एकदा विचारलं, "पोचते का?" ती म्हणाली, "पोचत आसंल." कधी कुणी नको म्हणून परत आणून दिली नाही, एवढ्यावर ती समाधान मानत असावी.

बोलणं तिनं जवळजवळ सोडलं. पण सगळ्यात वाईट वाटायचं ते दुसऱ्याच गोष्टीचं. फाट्यावरून ट्रक जाताना ती पाठ करून बसायची. भरलेला की रिकामा, तिला बघायचंच नव्हतं.

पुढच्या वर्षी पाऊस आला, चांगला आला. अडसरावर कुणीतरी नेमला होता असं म्हणत, पण आम्ही त्याला पगाराच्या आसपासच पाहिलं. वासा बाजूला पडला होता. ज्याला वाटेल तो जाई. दुष्काळी कामावर फोडलेल्या खडीचे ढीग वाहायला ठेकेदाराच्या गाड्या त्याच रस्त्यानं रात्रंदिवस धावू लागल्या. आठ दिवसांत भरावावरच्या दोन चाकोऱ्यांच्या दोन नाल्या झाल्या, पंधरा दिवसांत मोरीचा एक कठडा ओढ्यात गेला, आणि श्रावणातल्या एका पुरानं मोरी मधोमध फुटली. माळेवाडी पुढं कितीतरी महिने तुटून राहिली. आजाऱ्याला खाटेवर घालून ओढ्याच्या पात्रातून आणत. ठकूबाईला हे मी सांगायला गेलो, तर खोपटाला बाहेरून कडी होती. हॉटेलवाला म्हणाला, ती कधीच गेली, कुठं ते माहीत नाही.

माझी बदली सुप्याकडे झाली. एकदा दिवाळीच्या आधी मी नगरच्या बाहेर एका हॉटेलपाशी एसटीची वाट बघत होतो. ऊसतोडीला निघालेला एक ट्रक तिथं पाण्यासाठी थांबला. माणसं, पोरं, बोचकी, शेळ्या, चुलीचे दगडसुद्धा. आणि फळीला धरून उभी ठकूबाई. केस पांढरे झाले होते. मला बघून तिनं पदर सावरला.

"मास्तर, बरं हाय का? बाई बऱ्या हायेत का?"

मी विचारलं, "एकट्याच निघालात?"

"न्हाई. भावजी हायेत की, जाऊ हाय. बैलं न्हाईत, कोयताच धरावा लागला. तान्ह्या पोराला संबाळाय मानूस पायजे, म्हनून जावंनं बोलावलं." मग आवाज उतरवून म्हणाली, "भावजी बोलत न्हाईत आजून. एका खोपीत ऱ्हायचं हाय आता सा म्हैनं."

ट्रकच्या दुसऱ्या कोपऱ्यात, पाठ करून रामभाऊ बसला होता. खूपच वाळला होता.

मी हॉटेलातून चहा आणला आणि ग्लास वर दिला. तिनं तो दोन्ही हातांत धरला. तोंडाशी न नेता ती वळली, माणसांमधून वाट काढत गेली आणि जावेच्या हाती ग्लास दिला. जावेनं तो रामभाऊपुढं धरला. त्यानं घेतला. वाफ निघत होती. तो चहा कुठून आला हे त्यानं बघितलं, आधी माझ्याकडे, मग तिच्याकडे. आणि ग्लास ट्रकच्या फळीबाहेर नेऊन हळूहळू पालथा केला.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. रिकामा ग्लास हातोहात परत ठकूबाईकडे आला. तिनं तो पदरानं पुसला, फळीवरून वाकून माझ्या हातात दिला.

"लई गोड हुता, मास्तर," ती म्हणाली.